शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा: गावच्या घराची तयारी, ओटी आणि खांद्याची रीत

गणपती आपण घरी आणतो. शिमग्यात ग्रामदेवता स्वतः देऊळ सोडून आपल्या दारात येते. रत्नागिरी जिल्ह्यात भैरी असो, वाघजाई, सोमजाई, जाखमाता किंवा केदार असो, वर्षातून एकदा पालखीत बसून देव घरोघर फिरतो आणि त्या दिवशी घर उघडं असावं एवढीच गावाची अपेक्षा असते. ज्यांच्या घरी आजवर आजी, काका, काकी सगळं बघत आले आणि आता किल्ली ज्यांच्या हातात आली आहे, अशा मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागू आहे. शेजारच्या गावात काय करतात ते बघून आपल्या घरी काही करू नका. पालखी कुठल्या वाटेने येते, आधी कोणाच्या अंगणात टेकते, ओटी बाहेर भरतात की आत, नैवेद्य कसला, हे सगळं गावागणिक बदलतं, कधी वाडीगणिकही. खाली दिलं आहे ते सर्वसाधारण चित्र. त्यात आपल्या गावची रीत भरून घ्यायची.

आपला शिमगा तेरसेचा की भद्रेचा?

सुट्टी टाकण्याआधी याचं उत्तर हवं. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, पहिली होळी लागते आणि तिथून शिमगा सुरू होतो. मुख्य होम, म्हणजे गावची मोठी होळी, मात्र सगळीकडे एका दिवशी नसतो. तेरसेच्या शिमग्याच्या गावांत तो त्रयोदशीला लागतो. भद्रेच्या शिमग्याच्या गावांत पौर्णिमा धरली जाते आणि भद्रा, म्हणजे पंचांगातला अशुभ मानलेला काळ, टळल्यावर, पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी, होम होतो. दिनदर्शिकेवर होळीची लाल तारीख बघून तिकीट काढलं की तेरसेच्या गावचा माणूस होम उरकल्यावर पोहोचतो.

त्यातही पालखी आपल्या घरी होमाच्याच दिवशी येईल असं नाही. मोठ्या गावात वाड्या बऱ्याच, प्रत्येक वाडीला ठरलेला दिवस, आणि काही गावांत हे फिरणं गुढीपाडव्यापर्यंत चालतं. म्हणून गुरवाला किंवा वाडीच्या मानकऱ्यांना फोन करून दोन वेगळे प्रश्न विचारा: होम कोणत्या तिथीला, आणि आपल्या वाडीत पालखी कधी. दोन्ही दिवसांना थांबता येत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की पालखीचा दिवस धरावा. होमाला गाव असतोच. आपल्या दारात मात्र आपणच लागतो.

तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वी १२० दिवस मिळायचे. म्हणजे पौष लागतानाच तारीख पक्की झालेली हवी. तुतारी, मांडवी, कोकणकन्या या गाड्या सकाळी आठला आरक्षण उघडताच भरतात. होळीच्या खास गाड्या मागाहून जाहीर होतात, एसटीही जादा बस सोडते, पण म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना त्या भरवशावर ठेवू नये. परतीचं तिकीट पालखीच्या दुसऱ्या दिवशीचं काढा. पालखीची वेळ नेहमी पुढे सरकते. सकाळी दहाला येणार म्हटलेली पालखी रात्री दहाला आली तरी कोणाला नवल वाटत नाही, आणि गाडी गाठायची म्हणून देव दारात यायच्या आत कुलूप लावणं फार जिव्हारी लागतं.

भावकीशी बोलणं

तयारीतला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि तो गावाला पोहोचण्याआधी उरकायचा. घर सामायिक असेल, चार भावांची चार बिऱ्हाडं मुंबईत असतील, तर ओटी एक की चार, पुढे कोण उभं राहणार, खर्च कसा वाटायचा, हे फोनवर शांतपणे ठरवा. जमिनीचा वाद चालू असेल तरी त्या दिवसापुरता तो बाजूला ठेवता येतो. आपसांत बोलणं बंद असलेल्या भावांनी एकाच ओटीला हात लावलेला मी पाहिला आहे. कोणी समजूत काढली नव्हती. पालखी पडवीशी आली होती आणि थांबायला वेळ नव्हता.

घरात सुतक किंवा सोयर असेल तर लपवू नका. गुरवाला आधी सांगा. पालखी दारावरून कशी जाईल, ओटी कोणाच्या हातून जाईल, हे त्यांच्याकडे ठरलेलं असतं. वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल तरीही तेच करा. शोकातल्या घराशी गाव कसं वागतं याची प्रत्येक गावाची रीत आहे आणि ती बहुतेक वेळा हळुवार असते.

अजिबातच येता येत नसेल तर घर मुकं ठेवू नये. शेजारच्या घरी किंवा भावकीत किल्ली, ओटीचं सामान आणि दक्षिणा देऊन ठेवा. अंगण झाडलेलं, दिवा लागलेला आणि ओटी भरायला कोणीतरी उभं, एवढं झालं की पालखी थांबते.

घर आणि अंगण

आठ महिने बंद असलेलं घर एका सकाळीत उघडत नाही. निदान दोन दिवस आधी पोहोचा. पहिल्या दिवशी कौलं, वाळवी, विजेची जोडणी आणि पाणी बघा. मार्चमध्ये कातळावरच्या वाड्यांत विहिरी खाली गेलेल्या असतात, तेव्हा पिंप भरून ठेवणं हे रांगोळीच्या आधीचं काम. दुसऱ्या दिवशी अंगण. मातीचं असेल तर शेणाने सारवा, चिऱ्याचं किंवा लादीचं असेल तर धुऊन कोरडं होऊ द्या. ओल्या लादीवर खांद्यावर पालखी घेतलेला माणूस घसरतो, म्हणून पालखी यायच्या आसपास पाणी मारू नका.

मग वाट. गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, पायरीपर्यंत पालखी दांड्यांसकट कशी येईल ते चालून बघा. दांडे पालखीच्या पुढे-मागे बरेच लांब असतात आणि वळणावर सगळ्यात आधी तेच अडकतात. फणसाची खाली आलेली फांदी, कपडे वाळत घालायची तार, नव्याने बसवलेलं लोखंडी फाटक, पडवीचा खाली आलेला पत्रा, हे काढून किंवा बांधून घ्या. हल्लीच्या बंगलीवजा घरांत फाटक अरुंद आणि अंगणात मोटार उभी असते. मोटार त्या दिवशी रस्त्यावर लावा.

पालखी टेकवायची जागा सपाट हवी. काही घरांत ती अंगणात तुळशीसमोर टेकते, काही घरांत पडवीत किंवा ओसरीवर. खाली स्वच्छ सतरंजी किंवा पाट, पुढे रांगोळी, समई. रात्री उशिरा येईल असं धरून अंगणात उजेडाची सोय करा, पण दिव्यांच्या माळा पालखीच्या वाटेवर आडव्या टांगू नका.

ओटीचं ताट

हे आदल्या रात्रीच लावून झाकून ठेवायचं. खण किंवा साडी, शेंडी असलेला नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, विड्याची पानं, फुलं आणि दक्षिणा. अबोलीची वेणी किंवा त्या दिवसांत मिळणारा सुरंगीचा गजरा असेल तर काय बघायलाच नको. देव पुरुषदैवत असेल तर खणाऐवजी शेला किंवा टोपी-उपरणं देतात. पालखीत बऱ्याच गावी एकाहून अधिक रुपी, म्हणजे देवांचे मुखवटे, असतात, तेव्हा कोणाकोणाला काय द्यायचं ते गुरवाला विचारून घ्या. नारळ दोन-चार जास्तीचे आणा. माहेरवाशीण अचानक येते, शेजारच्या बंद घराच्या वतीने ओटी भरायची वेळ येते, कोणाला नवस आठवतो.

साडीबद्दल माझं एक मत. नुसतं ताटात दिसावं म्हणून पातळ, कोणीच नेसणार नाही असं कापड घेऊ नये. देवीला चढवलेल्या साड्या पुढे कोणाच्या तरी अंगावर जातात. एक चांगली सुती साडी चार दिखाऊ खणांपेक्षा बरी, आणि तेवढं परवडत नसेल तर नारळ-तांदूळ पुरतो. कुठल्याही गावात साडी नाही म्हणून पालखी माघारी गेलेली नाही.

पालखी दारात

आधी ढोल ऐकू येतो. मग वाडीतली पोरं धावत सांगायला येतात. या वेळी घरातल्या सगळ्यांनी बाहेर यावं, मोबाईलवरच्या मुलांनीसुद्धा.

क्रम साधारण असा. घरातला कर्ता माणूस अनवाणी पुढे जाऊन पालखी घेऊन येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतो. सुवासिनी निरांजन ओवाळतात. पालखी टेकते, गुरव आत-बाहेर बघून घेतात, मग ओटी भरायला बोलावतात. घरातल्या थोरल्या बाईपासून सुरुवात, पण माहेरवाशिणीला मागे ठेवू नका. ती याच क्षणासाठी सासरहून आलेली असते. विधवा बायकांना ओटीपासून दूर ठेवायची सवय काही घरांत अजून आहे. ती आता सोडून द्यावी. ग्रामदेवता आईच्या जागी आहे, आणि आईच्या समोर घरातल्या कोणा बाईने भिंतीला टेकून उभं राहू नये.

रुप्यांना हात लावायचा नाही. रुपी लावणं, साडी नेसवणं, दागिने नीट करणं हा गुरवाचा किंवा ठरलेल्या मानकऱ्यांचा मान. तुमचं ताट त्यांच्या हातात द्या, हळदकुंकू कुठे वाहायचं ते तेच दाखवतील.

त्यानंतर गाऱ्हाणं. गुरव किंवा मानकरी देवासमोर घराचं गाऱ्हाणं घालतात, लोक 'होय महाराजा' म्हणून साथ देतात. इथे नवी माणसं गडबडतात, म्हणून आधी एका कागदावर लिहून ठेवा: घरातल्यांची नावं, कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न जुळायचं, कोणाची नोकरी गेली. गाऱ्हाणं घालणाऱ्याला हे हळू आवाजात दोन-तीन वाक्यांत सांगा. मागच्या वर्षीचा नवस असेल तर तो आधी सांगून फेडा, नवं मागणं नंतर. नवस बोलताना आपल्याला झेपेल तेवढाच बोला. पुढच्या वर्षी तो फेडायला आपल्यालाच यायचं असतं.

पालखीसोबतची माणसं पहाटेपासून चालत असतात. घरोघर चहा होऊन त्यांची पोटं जळजळत असतात. ताक, कोकम सरबत, कलिंगडाच्या फोडी, गार पाणी ठेवा. पालखीची वस्ती तुमच्याकडे असेल तर मात्र तयारी वेगळी: रात्रीचं जेवण, झोपायला पडवी, रात्रभर तेवणारी समई आणि तिच्यापाशी आळीपाळीने जागणारी माणसं. वस्ती मिळणं हा मान आहे. भावकीने मिळून उचलला तर त्याचा भार वाटत नाही.

खांदा कसा द्यावा

शहरात वाढलेल्या मुलांना हे कोणी शिकवत नाही, आणि पालखी नाचताना बघून सगळ्यांचे हात शिवशिवतात. म्हणून जरा सविस्तर.

आधी विचारा. पहिला खांदा, देवळातून निघतानाचा खांदा, काही ठरलेल्या जागांवरचा खांदा हे मानाचे असतात. बाकीच्या वाटेवर आणि आपल्या अंगणात विचारलं की जागा मिळते. आता बऱ्याच गावांत बायकाही पालखी घेतात आणि नाचवतात. आपल्या गावात तशी सुरुवात झाली असेल तर लेकीसुनांना पुढे करा.

चपला काढायच्या. दुपारी कातळ तापलेला असतो, तेव्हा पाय भाजतील हे गृहीत धरून सावलीच्या टप्प्यात आत शिरा. खांद्यावर पंचाची जाड घडी ठेवा. पोट हलकं असावं, रिकामं नको. दारू पिऊन दांड्याला हात लावायचा नाही, आणि कोणी लावत असेल तर वाडीतल्या थोरल्यांनी त्याला तिथल्या तिथे बाजूला घ्यावं. यात भिडस्तपणा चालत नाही.

जोडीदार आपल्या उंचीचा बघा. दोघांच्या उंचीत फरक असला की सगळं ओझं बुटक्याच्या खांद्यावरून सुटून उंच माणसाच्या मानेवर येतं. उतारावर उंच माणसं पुढे घ्या, चढावर मागे, म्हणजे पालखी सपाट राहते. खांदा बदलताना आत येणाऱ्याने दांड्याखाली पूर्ण शिरून वजन घ्यावं आणि 'घेतली' म्हणावं. ते ऐकू आल्याशिवाय आधीच्याने खांदा काढायचा नाही. बहुतेक धडपड या एका क्षणात होते.

नाचवताना जोर कमरेतून लावू नका. गुडघे सैल ठेवा, ढोलाच्या ठोक्याला गुडघ्यात उतरा आणि वर या. सगळ्यांची नजर एकमेकांकडे हवी, कोण चित्रण करतंय तिकडे नको. ढोल चढत जातो तसा वेग वाढतो आणि एका टप्प्यावर पालखी आपण नाचवतो आहोत असं वाटेनासं होतं, देवच आपल्याला नाचवतो. तो अनुभव ज्याने घेतला तो पुढच्या शिमग्याची वाट बघत राहतो. पण दम लागला की लगेच बदली मागा. पाठीचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी दांड्याला हात लावून नमस्कार करावा, तेवढा खांदा देवाला पोहोचतो.

सहाणेवर

देवळाजवळच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, पालखी बसते आणि शिमग्याचा मोठा भाग तिथे घडतो. काही गावांत खुणा काढतात: नारळ जमिनीत लपवलेला असतो आणि पालखी तो शोधून काढते. त्या वेळी पालखी कुठेही झेप घेते, झटकन वळते. मुलांना हाताशी धरून कडेला उभे राहा आणि मधली जागा मोकळी सोडा.

होळीचं झाड, मग ते सुरमाड असो, आंबा, शेवर किंवा पोफळ, रानातून खांद्यावर आणून उभं करतात. इथे उत्साहाइतकाच हिशेब लागतो. वाटेवरच्या आणि सहाणेवरच्या विजेच्या तारा आधी बघून ठेवा आणि त्या काळापुरता पुरवठा बंद करायला महावितरणच्या कार्यालयात आठवडाभर आधी अर्ज द्या. आयत्या वेळी १९१२ वर फोन करून काम होईलच असं नाही. झाड उभं करताना दोरखंड दोन्ही बाजूंनी ताणलेले हवेत, आणि झाडाच्या उंचीएवढ्या अंतराच्या आत ओढणाऱ्यांखेरीज कोणी नको.

होमाभोवतालचं सुकं गवत आधी काढा, पाण्याची पिंपं भरून ठेवा. मोहोरलेल्या, फळ धरलेल्या कलमांच्या बागा आणि काजूचे डोंगर या दिवसांत कोरडे ठणठणीत असतात. एका ठिणगीने शेजाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न जातं. म्हणून पालखीपुढे आकाशात जाणारे फटाके मला अजिबात पसंत नाहीत. ढोल-ताशा आणि सनई असताना त्यांची गरजही नाही. अनेक गावांत नवं लग्न झालेलं जोडपं होमात नारळ देतं. सुनेची साडी सुती असावी आणि पदर खोचलेला. अपघात झालाच तर १०८ ही रुग्णवाहिका, पण गाव आडवळणाला असेल तर चालकासह एक मोटार तयार ठेवणं अधिक उपयोगाचं.

खेळे, संकासूर आणि पोस्त

पालखीच्या आगेमागे खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी-गाणारी मंडळी, येतात. मृदंग, टाळ, राधा, आणि उंच टोपीचा काळा संकासूर. लहान मुलं घाबरतात. त्यांना आत ढकलू नका, कडेवर घेऊन दुरून दाखवा. खेळ्यांना बसायला सतरंजी द्या, एक नमन, म्हणजे त्यांचं देवाच्या स्तुतीचं गाणं, पूर्ण ऐका, आणि पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, ताटातून कुंकू लावून द्या. उभ्याउभ्या नोट पुढे करून वाटेला लावू नका. ही मंडळी वर्षभर शेतात किंवा मुंबईत राबून या दिवसांसाठी तालीम करतात. रात्री नमनाचा मोठा कार्यक्रम ध्वनिक्षेपकावर असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी मंडळाने आधी काढलेली हवी. रात्री दहानंतरची सूट फक्त सरकारने जाहीर केलेल्या दिवसांना मिळते.

मानपान

मानावरून वाद जुने आहेत. कोणाची पालखी आधी, कोणाचा नारळ पहिला, यावरून गावं दुभंगली आणि पालख्या देवळात कुलुपबंद राहिल्या, असंही झालं आहे. तुमच्या घराचा मान डावलला गेला असं वाटलं तर पालखी दारात असताना बोलू नका. फाकपंचमीच्या आधी गावची बैठक होते, तिथे मांडा, जुनी यादी असेल तर दाखवा, आणि नसेल तर लिहून घ्यायला लावा. नव्या पिढीने करायचं खरं काम हे लिहिण्याचं आहे: वाट, मान, वाड्यांचा क्रम, गाऱ्हाण्याचे शब्द. ज्यांना हे तोंडपाठ आहे ती माणसं थकत चालली आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, आवाज मुद्रित करून ठेवा.

फोटो काढायचे असतील तर घरातल्या एकालाच ते काम द्या, बाकीच्यांनी हात जोडावेत. गुरव नको म्हणतील तिथे काढू नका. ड्रोनच्या घरघरीने माणसंही बिचकतात आणि गुरंही, तो आणूच नका.

पालखी पुढे गेल्यावर

दुसऱ्या घरापर्यंत पालखीला पोहोचवून या, फाटकातून मागे फिरू नका. शेजाऱ्याच्या अंगणात ओटी भरली जात असताना तुम्ही उभे असलात तर तुमच्या अंगणात तो उभा राहिल्याची परतफेड होते. प्रसादाचा नारळ फोडून वाडीत वाटा, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी एक वाटी मुंबईला न्या. वर्गणी दिली असेल तर पावती घरातल्या वहीत लावा आणि त्याच वहीत यंदाची पालखी किती वाजता आली, काय कमी पडलं, नवस कोणाचा आणि काय, हे दोन ओळींत लिहून ठेवा.

निघताना समई विझेपर्यंत थांबा, मग विजेचं मुख्य बटण बंद करा. किल्ली शेजारी देताना सांगून जा की गावात अजून पालखी फिरते आहे, देव देवळात परत बसेपर्यंत संध्याकाळचा दिवा पडवीत लावा. तेलाची बाटली आणि वाती तिथेच ठेवा.